गाडी खालून बघावी

जुन्या गाडीचा मालक कसा आहे हे ओळखायचं असेल तर गाडी नंतर बघा, आधी त्याच्या शर्टाची पाठ बघा. पाठीवर तांबड्या मातीचा आणि ग्रीसचा डाग असेल तर माणूस बोलण्याच्या लायकीचा. पाठ स्वच्छ आणि हातात मऊ फडकं असेल तर चहा घ्यावा, गाडीचं कौतुक करावं आणि निघावं. मत टोकाचं आहे, कबूल. पण ते पुण्या-मुंबईत टोकाचं. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्टीत ते साधं निरीक्षण आहे.

कारण इथली गाडी इंजिनाने मरत नाही. इंजिनाला औषध आहे. रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं की क्रँक ग्राइंड होतो, बुश बनतात, ज्या पार्टचं नावही दुकानदाराला माहीत नाही तो नमुना बघून लेथवर काढून मिळतो. पत्र्याचं तसं नाही. फियाट आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसिसच नाही. तळ, दरवाजाखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळून जो सांगाडा होतो तीच चॅसिस. तळ गेला की दरवाजे खाली बसायला लागतात, आणि दरवाजा उचलून लावावा लागला की समजायचं, ही गाडी मधून वाकायला लागली आहे.

आता 'विंटेज' या शब्दाबद्दल, कारण त्यावरून भांडणं फार. इंग्रजांचा हिशोब कडक आहे: १९०४ पर्यंतची व्हेटरन, १९०५ ते १९१८ एडवर्डियन, १९१९ ते १९३० विंटेज. त्यानंतरची कितीही देखणी असो, ती विंटेज नव्हे. या मापाने कोकणातल्या बहुतेक 'विंटेजवाल्यां'ना गप्प बसावं लागेल. ज्या काळात या गाड्या बनत होत्या त्या काळात कोकणी माणूस भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने घरी येत होता. मोटार इथे उशिरा आली, आणि आली ती बहुतेक चाकरमान्याच्या मुंबईतल्या फियाटच्या रूपाने. आपल्या कायद्याचं माप वेगळं. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठी ढवळाढवळ न केलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. म्हणजे १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आज कायद्याने विंटेज आहे. ज्या गाडीच्या काळ्यापिवळ्या बहिणींना आपण 'कुर्ला स्टेशन चलोगे?' विचारत होतो, तिच्यापुढे आता फोटो काढायचे. मला हे आवडतं.

मात्र नंबरप्लेटवर विंटेज नोंदणीची 'व्हीए' ही अक्षरं मिरवण्याआधी अधिसूचना पूर्ण वाचा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोजचा वापर नाही. रविवारी मटण आणायला गेलात तर तो नियमभंग. माझं मत विचाराल तर ज्याला गाडी खरंच चालवायची आहे त्याने साधी नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत राहावी आणि 'व्हीए'चा मोह सोडावा. गाडी चालत राहणं हे इथे हौसेपेक्षा देखभालीचं काम आहे.

मालकांत सगळ्यात अवघड तो वारस. मांगरात गाडी उभी, तिच्यावर गवताच्या पेंढ्या, टपावर फाटकी जाळी, मागच्या सीटवर कोंबडी उबवायला बसलेली. विकत देत नाही, दुरुस्त करत नाही; विचारलं तर 'आजोबांची आठवण आहे हो.' आजोबांच्या फोटोला दर दसऱ्याला हार असतो, पण आठवणीच्या क्लचप्लेटला गंज चढून ती फ्लायव्हीलला चिकटली आहे याचा पत्ता नसतो. दुसरा रिसॉर्टवाला. याने डुक्कर फियाट लॉनवर मांडलेली असते, तोंडापुढे कमानीसारखी बोगनवेल, आणि रोज संध्याकाळी बोअरच्या मचूळ पाण्याचा फवारा हिरवळीबरोबर गाडीलाही. ही अघोरी शिक्षा आहे. १९५०च्या दशकातली ती फियाट ११००, जिचे पुढचे दरवाजे उलटे, मधल्या खांबावर बिजागऱ्या ठेवून उघडतात, ती आता सहज दिसत नाही. तिचा असा पुतळा करण्यापेक्षा पार्टसाठी विकली असती तरी चार गाड्या चालल्या असत्या. लग्नाला भाड्याने देणाऱ्यांना मी त्या मानाने सौम्य वागवतो, कारण त्यांची गाडी निदान महिन्यातून चार वेळा सुरू होते. त्यांना एवढीच विनंती: झेंडूच्या माळा सेलोटेपने चिकटवू नका. उन्हात गोंद रंगात उतरतो, आणि ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या बॉनेटवरून पॉलिशनेही जात नाही. सुतळी आणि बंपर पुरेसे आहेत.

आणि मग रॅलीवाले. त्यांची गाडी ट्रकवरून येते, ट्रकवरून जाते. 'सगळं ओरिजिनल आहे' हे वाक्य तिच्यासोबत मोफत मिळतं. ब्रेकचा होज ओरिजिनल असेल तर तो अभिमानाचा नव्हे, पोलिसात कळवण्याचा विषय आहे. या गाड्यांच्या ब्रेकला एकच सर्किट. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. रबर, ब्रेक, वायरिंग आणि टायर या चार गोष्टींत जुन्याचा हट्ट धरणारा माणूस शहाणा नव्हे. त्याउलट गिअरची फुटलेली मूठ सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून लाखकामात करून घेणाऱ्याला मी मनातून क्षमा करतो, जरी ओरिजिनलवाले नाक मुरडत असले तरी.

आता खाऱ्या वाऱ्याचं गणित. समुद्राच्या थेंबात नुसतं साधं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. कोकणात हवा त्याखाली क्वचितच उतरते. म्हणजे पत्र्यावर बसलेला खार डिसेंबरच्या दुपारीही पूर्ण सुकत नाही. गाडी पावसात भिजली नाही म्हणून वाचली असं समजणारे इथे फसतात. किनाऱ्यापासून आत जाल तसा खार झपाट्याने कमी होतो, त्यामुळे त्याच तालुक्यात डोंगरावरच्या वाडीतली गाडी टणटणीत आणि पुळणीजवळची चाळणी, असं दिसतं. पुळणीवर गाडी नेऊन सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं? फोटो राहील.

खारानंतरचा शत्रू जांभ्याची माती. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात ती लगद्यासारखी बसते, वरून सुकलेली, आतून दिवसेंदिवस ओली. कपड्यावर ती जाता जात नाही, तशीच पत्र्यालाही सोडत नाही. महिन्यातून एकदा चाक काढून, लाकडी चपट्या काठीने ती खरवडून गोड्या पाण्याने धुवायची. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. रंग निघतो आणि गंजाला दार उघडतं.

पद्मिनी विकत घ्यायला जाणाऱ्याने टपाकडे बघत उभं राहू नये. लोहचुंबक आणि बोथट टोचा न्यावा. दरवाजाखालच्या पेट्या, पुढच्या पायाखालचा तळ, जॅक लावायच्या जागा, मागच्या कमानपाट्यांचे कान जिथे बसतात तो पत्रा, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीतल्या स्टेपनीखालची खोलगट जागा: चुंबक जिथे पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. लांबी म्हणजे पेंटर खड्डे भरतो ती पुट्टी. दोन मिलिमीटर भरली तर ती कारागिरी, बोटभर भरली तर ती फसवणूक. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच. सिंधुदुर्गातला एखादा जुना डेंटर टोचा मारून एवढंच म्हणेल, 'पत्रो खंय आसा, रंगच आसा!' त्याचं ऐकावं. अँबॅसडरचा पत्रा जाड, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तिच्याही पेट्या आतून पोकळ आहेत आणि गंज आतूनच सुरू होतो. युद्धकाळातल्या डिस्पोजलच्या जीपला वेगळी चॅसिस आहे खरी, पण तळाखालच्या टोपीसारख्या पट्ट्यांत लाकूड भरलेलं असे. ते लाकूड पाणी पितं आणि पट्टी आतून खाऊन टाकतं. तळ वरून ठाकठीक दिसतो.

पेट्यांवर उपाय एकच, आणि तो चैत्र-वैशाखातच करावा, कारण पत्रा तापलेला असला की तेल सांध्यांत झिरपतं. पेटीच्या खालच्या बाजूला पाणी निघायची भोकं असतात. ती आधी तारेने मोकळी करायची. बहुतेक गाड्यांत ती कोणीतरी रंगाने किंवा डांबराने बुजवलेली असतात, आणि गंजाचं निम्मं कारण तिथेच सापडतं. मग आतल्या बाजूने ८ ते १० मिलिमीटरचं भोक पाडून लांब नळीच्या पिचकारीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं पातळ मेण, मारायचं, एका पेटीला २०० ते ३०० मिली. नसेल मिळत तर एक लिटर नव्या गिअर ऑइलमध्ये अर्धा लिटर डिझेल. 'नवं' यावर जोर आहे. इंजिनातून काढलेलं काळं तेल मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या तेलात आम्ल आणि पाणी दोन्ही असतं, आणि ज्यासाठी मारायचं तेच ते वाढवतं. ब्रेक ड्रम, सायलेन्सर आणि रबरी बुशवर तेल जाऊ देऊ नका, रबर फुगतं. दुसऱ्या दिवशी भोकं पुन्हा तारेने तपासा. लाकडी होड्यांना मोरी माशाच्या (शार्कच्या) यकृताचं तेल पाजायची जुनी रीत आहे. लोखंडावरही माशाचं तेल गंजाच्या आत मुरतं आणि वर सुकून पापुद्रा धरतं. गाडीला लावायला हरकत नाही. फक्त मग गावातली सगळी मांजरं गाडीखाली मुक्कामाला येतील आणि नवी नवरी मागच्या सीटवर बसणार नाही.

एक गोष्ट घेऊच नका: बॅटरीला जोडायचं 'गंजरोधक इलेक्ट्रॉनिक यंत्र'. होडीच्या बुडाला जस्ताचा ठोकळा लावला की तो स्वतः झिजून लोखंड वाचवतो, हे खरं. पण बूड आणि ठोकळा दोन्ही पाण्यात बुडालेले असतात म्हणून विजेचं वर्तुळ पुरं होतं. गाडी हवेत उभी असते. तिथे हे चालत नाही.

पावसाळ्याची तयारी रोहिणी लागायच्या आत संपवावी. मृगाच्या पहिल्या सरीला धावपळ नको. खालून गोड्या पाण्याने धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. इंजिन ऑइल पावसाळ्यानंतर नव्हे, आधी बदला, म्हणजे जुन्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगला लागून राहणार नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, हँडलने पाच-सहा फेरे, प्लग परत. सायलेन्सरचं तोंड आणि कार्ब्युरेटरचं तोंड तेलात भिजवलेल्या बोळ्याने बंद करा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, नाहीतर गणपतीत कोणीतरी उत्साही भाचा चावी फिरवतो. क्लच पेडल दाबून सीटला टेकवून लाकडी दांडका अडकवा, हँडब्रेक सोडा, चाकाला ओंडके लावा. बॅटरी घरात आणा, दर १५ दिवसांनी चार्ज करा, व्होल्टमीटरला १२.६ दिसलं पाहिजे. प्लास्टिकची ताडपत्री थेट अंगावर टाकलीत तर तुम्ही गाडी वाफेवर ठेवली आहे, मोदकासारखी. सुती चादर, वर छप्पर, काचा बोटभर खाली. आणि जमीन शेणाने सारवलेली असेल किंवा नुसत्या जांभ्याची असेल तर ती चार महिने ओल सोडत राहते. तळाखाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाका. जुन्या सीटमध्ये काथ्या भरलेला असतो, तो ही सगळी ओल पितो आणि खालच्या पत्र्याला देतो. सीट काढता येत असेल तर माजघरात ठेवा. पाहुण्यांना बसायला होते.

ब्रेक ऑइल हे दर वर्षी, पाऊस संपला की, पूर्ण बदलायचं. हवेतलं पाणी ओढणं हा त्याचा स्वभाव. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर १४० ला. कुंभार्ली घाट उतरताना ड्रम तापले आणि व्हील सिलिंडरात वाफ झाली की पेडल सरळ तळाला जातं. त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढायला लागलं असतं त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्याला मी माझ्या पुढे जाऊ देतो, मागे ठेवत नाही.

चढताना वेगळं दुखणं. वैशाखात अर्ध्या घाटात गाडी भुकेने मेल्यासारखी बंद पडते. मेस्त्री ज्याला 'एसी पंप' म्हणतात (थंड हवेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही) तो पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. त्यात पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं पंपावर टाकून दहा मिनिटं थांबायचं. उतरणीलाही असंच होत असेल, आणि टाकीचं झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर दोष वेगळा: टाकीच्या श्वासनळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. तारेने पाडा. तिच्याबद्दल राग धरू नका, नळीचं तोंड उघडं आपण ठेवलं.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने दोन जुन्या सवयी मोडाव्या लागतात. पहिली, अर्धी टाकी भरून गाडी ठेवण्याची. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते दोघे हात धरून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इथल्या पावसाळ्यात टाकी एकतर गळ्यापर्यंत भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी, वाळवून. दुसरी, जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा जुना पडदा चालवण्याची. इथेनॉलने ते मऊ पडतात, त्यांचे कण जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतात. इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराच्या नळ्या आणि पडदा घाला. शिवाय इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आता पातळ पडतं: इंजिन तापतं, कार्ब्युरेटरमध्ये शिंकतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर आलं, म्हणजे इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला व्यास चारच टक्के वाढवावा लागतो. १२० चा मेन जेट असेल तर १२५ पुरतो. टाचणीने भोक मोठं करणाऱ्या मेस्त्रीचा हात धरा.

रेडिएटरचं पाणी हा किनाऱ्यावरचा खास घोळ. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. मधे विहिरीचं मचूळ पाणी ओतलं की आयती बॅटरी तयार, आणि तीत खाल्लं जातं ते हेड. आठवडाभर पाऊस पडून हवा धुतली गेली की उघड्यावर स्वच्छ पिंपात धरलेलं पाणी घ्या, त्यात तिसरा हिस्सा कूलंट. पागोळीचं नको, कौलांची माती येते.

स्टँडर्ड हेराल्ड गाडीवाल्यांना दोन शब्द, कारण ते थोडेच उरलेत आणि त्यातले निम्मे चूक करतात. पुढच्या चाकाच्या खालच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्या आट्याच्या सांध्यावर वळतं त्याला, ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल. ग्रीस आटे असलेल्या भागात पोचत नाही, पावसाचं पाणी पोचतं, गंजून आटा आवळतो आणि एक दिवस वळणावर चाक गाडीला सोडून जातं. ग्रीस गन कितीही हाताशी असली तरी तिथे लावू नका.

क्रोमबद्दल लोक रंगापेक्षा हळवे असतात. चमकतं ते क्रोम एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतं आणि त्याला बारीक छिद्रं असतात; खाऱ्या हवेशी झुंजतं ते त्याखालचं निकेल. स्वस्तात करून देणारा निकेलमध्येच हात आखडतो, आणि पहिल्याच शिमग्याला बंपरवर तांबूस ठिपके येतात. बंपरची मागची बाजू तर कोणी नीट करत नाही. तिथे जस्ताचा प्रायमर मारा, दिसणार नाही म्हणूनच मारा. आणि पत्रा उघडा करून नुसता रेड ऑक्साइड मारून पावसाळाभर ठेवणाऱ्यांनो, तो प्रायमर स्पंजासारखा पाणी शोषतो. इपॉक्सी प्रायमर मारायचा, नाहीतर जुना रंग खरवडायलाच घेऊ नका.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने गाडी नेली असेल तर त्याच संध्याकाळी तळ धुवायचा, दुसऱ्या दिवशी नाही. फेरीवर चढता-उतरताना रॅम्पवरचं खारं पाणी नेमकं मागच्या पाट्यांवर उडतं. नळी पोचत नसेल तर कळशी घ्या, पण मागचं चाक उचलून, पाट्यांच्या मधे पाणी जाईल असं ओता.

आणि कुणाची गाडी विकत बघायला गेलात तर आपलं गोणपाट बरोबर न्या. मालकाने चहाआधीच स्वतःचं गोणपाट गाडीखाली अंथरलं, बॅटरी दाखवली आणि 'हे बघा, इथे पॅच मारलाय' असं स्वतःहून सांगितलं, तर भावात फार ताणू नका. त्याला गाडी विकायची नसतेच.